मलबारचा लेप मासा पावसाळ्यात जातो कुठे?

आपला प्रश्न असा आहे की, मंगळूर ते कोळिकोड या पट्ट्यात मिळणारा लहान लेप मासा जून-जुलैमध्ये बंदरावर जवळजवळ दिसेनासा होतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात टोपल्या भरभरून येऊ लागतो. मग मधल्या काळात तो खोल पाण्यात जातो, की एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, आपल्याला सांगितल्याप्रमाणे चिखलात स्वतःला पुरून घेऊन पावसाळा काढतो? त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असण्याचा या वागण्याशी काही संबंध आहे का, हेही आपण जाता जाता विचारले आहे. किनाऱ्यालगतच्या तळावर राहणाऱ्या माशांचे नमुने मोजणे, त्यांची पोटे आणि खवले तपासणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे मला आपल्या प्रश्नातला हा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. मासा कुठे गेला हे समजण्याआधी त्याच्या पोटाखालच्या गाळाचे काय झाले हे पाहावे लागते, आणि या माशाचे शरीर त्या गाळाशी इतके बांधलेले आहे की दोन्ही प्रश्नांचे उत्तर शेवटी एकाच ठिकाणी सापडते.

आधी एक घोळ दूर करू. बंदरावर मासा नसणे आणि समुद्रात मासा नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केरळमध्ये 9 जूनच्या मध्यरात्रीपासून 31 जुलैपर्यंत, म्हणजे 52 दिवस, आणि कर्नाटकात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस ट्रॉलर बंद असतात. लेप हा तळ खरवडणाऱ्या जाळ्यात येणारा मासा आहे. ती जाळीच पाण्यात नसतील तर तो बंदरावर येणार कसा? म्हणून आपण पाहिलेल्या रिकाम्या टोपल्यांचा काही भाग थेट बंदीच्या खात्यावर टाकावा लागेल. परंतु सगळा नाही. ट्रॉलिंगवरची पावसाळी बंदी केरळात 1988 पासून आहे, आणि कोळिकोडच्या वेस्ट हिल येथील मत्स्यसंशोधन केंद्रात शेषप्पा आणि भीमाचार या शास्त्रज्ञांनी या माशाचा अभ्यास केला तो 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात. तेव्हा बंदी नव्हती, यांत्रिक ट्रॉलरचा सुळसुळाटही नव्हता. मासेमारी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात, लहान होड्यांतून होत असे. तरीही पावसाळ्यातली घट आणि पावसाळा ओसरताना येणारी मासळीची भरती त्यांना स्पष्ट दिसली होती. त्यामुळे आपण पाहिलेला चढउतार खरा आहे आणि माशाच्या जीवनातच त्याचे मूळ आहे, असे मी निःशंकपणे सांगू शकतो.

हा मासा म्हणजे सायनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस, नॉर्मन यांनी 1928 साली वर्णन केलेली जाती. आपण जुने शोधनिबंध काढाल तेव्हा तो तिथे सायनोग्लॉसस सेमिफॅसिएटस या नावाखाली सापडेल. त्या काळी त्याची ओळख तशी केली गेली होती, आणि हे ठाऊक नसले तर या माशावरचे सर्वांत चांगले जुने काम नजरेतून निसटते. हा लहान मासा आहे. पंधरा-सोळा सेंटिमीटरचा नमुना मोठाच समजायचा. डोळे डाव्या अंगाला असतात. पाठीवरचा आणि गुदाजवळचा असे दोन्ही पर शेपटीच्या पराला सलग जोडलेले असतात, त्यामुळे शेपूट वेगळी उठून दिसत नाही आणि संपूर्ण शरीर मागे निमुळते होत जाते. छातीचे पर प्रौढ माशाला नसतातच. याच्याशी नाव आणि रूप यांमुळे ज्यांची गल्लत होते ते सोलिडी कुळातले मासे उजव्या डोळ्यांचे असतात, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी टोपलीतली निवड बरीच सोपी होते.

आता डोळ्यांकडे वळू. लेप जन्मतः चपटा नसतो. मादी अंडी मोकळ्या पाण्यात सोडते, ती तरंगतात, आणि त्यांतून निघालेला डिंभ, म्हणजे अगदी कोवळे पिल्लू, इतर कोणत्याही माशाच्या डिंभासारखा उभा पोहतो. त्याचा एक डोळा डावीकडे आणि एक उजवीकडे असतो. पुढे तो बोटाच्या पेराहूनही लहान असतानाच उजवा डोळा डोके ओलांडून डावीकडे येतो, कवटीची हाडे पीळ घेतात, उजवे अंग फिके पडते आणि मासा कायमचा त्या अंगावर आडवा होतो. या बदलामागे थायरॉइडचे संप्रेरक असते, हे 1980 च्या दशकात जपानी फ्लाउंडर या चपट्या माशावरील प्रयोगांतून दिसून आले. संप्रेरक रोखले तर डिंभ वाढत राहतो पण आडवा होत नाही, आणि जास्त दिले तर वेळेआधीच आडवा होतो. डोळ्याचा हा प्रवास एकाएकी घडून आला नसावा, याचा पुरावाही आहे. इटलीतील माँते बोल्का येथील सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत हेटरोनेक्टेस आणि अँफिस्टियम हे असे मासे सापडले आहेत की ज्यांचा एक डोळा वर सरकलेला आहे पण पलीकडच्या बाजूला पोहोचलेला नाही. आपल्या किनाऱ्यावरचा सेटोडेस एरुमेई आजही त्या जुन्या ठेवणीच्या जवळ आहे: सरकलेला डोळा डोक्याच्या अगदी कडेवर थांबलेला, पाठीचा पर डोक्यापर्यंत न आलेला, जबडा मोठा, दात अणकुचीदार. तो इतर मासे पकडून खातो. संधी मिळाली तर दोन्ही मासे शेजारी ठेवून पाहा, कारण चपटेपणा एकच असला तरी त्यातून दोन अगदी निराळ्या जगण्याच्या रीती निघाल्या आहेत हे त्यांच्या तोंडांवरूनच कळते.

लेपाचे तोंड मुद्दाम जवळून पाहण्यासारखे आहे. मुस्कट पुढे वाढून खाली आकडीसारखे वळलेले असते आणि तोंडाची फट त्या आकडीच्या मागे वाकडी जाते. मासा उलटा केला, म्हणजे आंधळी बाजू वर आणली, की जबड्याचा खरा कामाचा भाग दिसतो: बारीक, मखमलीसारखे दात केवळ याच बाजूला असतात, वरच्या डोळस बाजूला जवळपास काहीच नसते. डोळे त्याच्या आकाराच्या मानाने बारीक. अशा तोंडाचा मासा वरून जाणाऱ्या सावजावर झेप घेणार नाही. तो गाळाला गाल लावून हळूहळू सरकतो आणि वासाने व स्पर्शाने जे सापडेल ते खालच्या खाली उचलतो. वरच्या बाजूला असलेले डोळे खाण्यापेक्षा शत्रूवर नजर ठेवण्याच्या कामी अधिक येतात, असे माझे मत आहे. प्रौढ चपट्या माशांना सहसा वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, नसतो, त्यामुळे पोहणे थांबले की ते तळालाच टेकतात. थोडक्यात, आपला डोळ्यांचा प्रश्न आणि चिखलाचा प्रश्न इथे एकत्र येतात: हा मासा तळावर केवळ विसावत नाही, त्याला अन्न मिळवण्याची दुसरी जागाच नाही.

त्या गाळात त्याला काय मिळते? प्रामुख्याने पॉलिकीट नावाचे समुद्री कृमी, आणि त्यांच्या जोडीला अँफिपॉडसारखे लहान कवचधारी व बारीक शिंपले. जुन्या निबंधांत प्रायोनोस्पिओ पिन्नाटा या कृमीचा उल्लेख वारंवार येतो. आज तिला पॅराप्रायोनोस्पिओ वंशात ठेवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या ताज्या लेपाचे पोट कात्रीने उघडले तर गाळाच्या करड्या लगद्यात या कृमींचे लालसर तुकडे गुंतलेले दिसतात. चिमटीने ते सोडवून पाण्याच्या बशीत सोडले की डोक्याकडचा भाग ओळखू येतो, कधी कधी त्यावरचे पिसासारखे कल्लेही शाबूत असतात. पावसाळ्यात लहान होड्यांकडून मिळणाऱ्या नमुन्यांत मला पोटे बहुतेक रिकामी किंवा नुसता गाळ असलेली आढळत आली आहेत. हा फरक इतका ठळक असतो की सूक्ष्मदर्शकाचीही गरज पडत नाही.

याचे कारण गाळातच आहे. शेषप्पा यांनी 1953 साली मलबार किनाऱ्यालगतच्या तळाविषयी जे प्रसिद्ध केले ते मला आजही या विषयातले सर्वांत उपयोगी काम वाटते. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की उथळ पाण्यातला तळ लाटांनी ढवळून निघतो, त्यातच नद्यांचे गोडे पाणी येऊन खारटपणा उतरतो, आणि गाळात राहणारे बरेचसे जीव मरतात किंवा वाहून जातात. पाऊस ओसरल्यावर मोकळ्या झालेल्या तळावर नव्या कृमींची वसाहत पुन्हा उभी राहते. अशा मोकळ्या जागेत सर्वांत आधी येतात त्या कमी आयुष्याच्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या जाती, आणि पॅराप्रायोनोस्पिओ ही नेमकी त्यांच्यापैकी आहे. म्हणजे दरवर्षी लेपाचे ताट एकदा रिकामे होते आणि काही आठवड्यांनी पुन्हा भरते.

ही उपासमार माशाच्या अंगावर नोंदलेली सापडते, आणि माझ्या दृष्टीने हा या माशाच्या अभ्यासातला सर्वांत सुंदर भाग आहे. थंड प्रदेशांत हिवाळ्यामुळे वाढ थांबते आणि खवल्यांवर वर्षाचे वलय उमटते, हे जुने ज्ञान होते. मात्र उष्ण कटिबंधात हिवाळाच नसल्यामुळे इथल्या माशांचे वय खवल्यांवरून सांगता येईल की नाही याबद्दल बराच संशय होता. शेषप्पा आणि भीमाचार यांनी मलबारच्या लेपावर दाखवून दिले की येथेही वलय उमटते, फक्त ते पावसाळ्याचे असते. आपण हे स्वतः पाहू शकता. शरीराच्या मध्यभागातून, डोळस बाजूचे काही खवले चिमट्याने काढावेत, बोटांत चोळून त्यावरचा बुळबुळीत थर आणि रंगद्रव्य धुवावे आणि ओले असतानाच दोन काचपट्ट्यांत दाबावेत. कमी शक्तीच्या भिंगाखाली खवल्याच्या काठाला समांतर जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात; एका ठिकाणी त्या एकमेकींना चिकटून दाटतात, काही मध्येच तुटतात, आणि त्यानंतर पुन्हा मोकळ्या अंतराने सुरू होतात. तो दाट पट्टा म्हणजे ज्या आठवड्यांत मासा वाढला नाही त्यांची खूण. एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. गळून पुन्हा आलेल्या खवल्याचा मधला भाग अस्पष्ट असतो आणि त्यावरून वय काढले तर ते कमी भरते, म्हणून एकाच माशाचे अनेक खवले पाहावेत आणि मधला भाग स्वच्छ असलेलेच मोजावेत. बहुतेक माशांवर आपल्याला एखादेच वलय दिसेल, कित्येकांवर एकही नाही. आयुष्य आखूड आहे आणि मासेमारी मुख्यतः कोवळ्या पिढ्यांवर चालते.

आता तांडेलांच्या म्हणण्याकडे येतो, कारण ते पूर्णपणे टाकून देण्यासारखे नाही. लेप चिखलात स्वतःला पुरून घेतो हे खरे आहे. कडेच्या परांची आणि शरीराची झपाट्याने लाट काढून तो गाळ उडवतो, तो गाळ अंगावर बसतो आणि डोळे तेवढे बाहेर राहतात. मासा लहान असेल तर त्याला भरड रेतीत असे पुरून घेणे जमत नाही, मऊ गाळात मात्र सहज जमते. चपट्या माशांची लहान पिल्ले ठराविक पोताच्या तळावरच का सापडतात याचे हे एक मोठे कारण आहे. पण हे पुरणे वरच्या पातळ थरापुरते असते आणि घडीघडीचे असते. गाळाखालीही त्याला कल्ल्यांवरून पाणी फिरवावेच लागते. तोंडाने घेतलेले पाणी वरच्या बाजूने बाहेर सोडण्याची सोय त्याच्याकडे आहे, तरी त्या पाण्यात प्राणवायू हवा. मऊ गाळात काही मिलिमीटर खाली गेले की प्राणवायू संपतो. शिवाय ज्या उथळ तळात त्याने पावसाळा काढावा असे आपण समजतो, तोच तळ त्या काळात लाटांनी उलथापालथा होत असतो. त्यामुळे महिनोन् महिने तिथे गाडून घेऊन राहणे या शरीराला शक्य नाही. तांडेलाने पाहिले ते खरे, पण ते तासाभराचे वागणे आहे. ऋतूचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही.

मग तो जातो कुठे? फार लांब नाही. लाटांचा जोर जिथे तळापर्यंत तितकासा पोहोचत नाही अशा थोड्या अधिक खोल गाळाच्या पट्ट्यात तो सरकतो आणि पसरतो. विरळ झालेला मासा लहान होड्यांच्या जाळ्यांत क्वचितच येतो. खोल समुद्रात जाण्याची कल्पना मात्र सोडून द्यावी, कारण पावसाळ्यात तिकडून एक वेगळेच संकट वर चढत असते. मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर खालचे थंड आणि प्राणवायू कमी असलेले पाणी भूखंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर, येते आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते किनाऱ्याच्या बरेच जवळ पोहोचते. समुद्रशास्त्रज्ञ कार्ल बान्से यांनी 1959 आणि 1968 मधील आपल्या निबंधांत दाखवले आहे की या पाण्यापुढे तळावरचे मासे टिकत नाहीत आणि ट्रॉलिंगची जाळी तिथे रिकामी येतात.

हे सगळे एकत्र ठेवले की ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या अचानक भरतीचा अर्थ लागतो. किनाऱ्याकडे नवा, कृमींनी भरलेला तळ तयार होत असतो, तो माशाला ओढतो. समुद्राच्या बाजूने प्राणवायू कमी असलेले पाणी येत असते, ते त्याला ढकलते. दोहोंच्या मध्ये मासा एका अरुंद पट्ट्यात दाटतो. त्यातच गेल्या कोरड्या हंगामात जन्मलेली पिढी जाळ्यात अडकण्याइतकी मोठी झालेली असते, कारण हा मासा मुख्यतः पावसाळा संपल्यानंतरच्या लांब कोरड्या काळात अंडी घालतो. आणि नेमक्या त्याच वेळी, 1 ऑगस्टला, ट्रॉलरही समुद्रात उतरतात. विशेष म्हणजे कमी प्राणवायूचे पाणी पॅराप्रायोनोस्पिओला बऱ्यापैकी सोसते, त्यामुळे इतर जीव मागे हटले तरी लेपाचे आवडते अन्न तग धरते. माशाच्या आणि कृमीच्या या नात्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला नेहमी वाटते.

यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वर्षावर आणि जागेवर अवलंबून आहे, आणि एकच उत्तर सर्वत्र लावू नये. खालचे पाणी एखाद्या वर्षी लवकर आणि जोरात चढते, एखाद्या वर्षी उशिरा; तशी भरतीची तारीख आणि जागा बदलते. मोठ्या नदीच्या मुखाजवळ गोड्या पाण्याचा परिणाम अधिक, तर मुखापासून दूर लाटांचा. केरळात ज्याला चाकरा म्हणतात त्या चिखलपट्ट्यांच्या ठिकाणी तर ऐन पावसाळ्यातही पाणी शांत असते, कारण तरंगणारा दाट गाळ लाटांचा जोर शोषून घेतो. तिथल्या नमुन्यांवरून शेजारच्या उघड्या किनाऱ्याविषयी अनुमान काढणे धोक्याचे आहे.

आपल्याला स्वतः तपासायचे असेल तर मी बंदरावरच्या एकूण वजनापासून सुरुवात करणार नाही. किती तास जाळे ओढले, किती खोलीवर ओढले आणि जाळ्याच्या डोळ्याचा आकार किती होता, या नोंदी नसतील तर टोपल्यांची संख्या आपल्याला माशापेक्षा मासेमारीबद्दलच अधिक सांगेल. बंदीच्या काळात किनाऱ्याजवळ जाणाऱ्या लहान होड्यांशी बोलून ठेवावे आणि त्यांच्या जाळ्यात येणारे मोजकेच लेप विकत घ्यावेत. ते संख्येने थोडे असले तरी वर्षातील सर्वांत मोलाचे नमुने तेच असतात. प्रत्येकाची लांबी घ्यावी, पोट फॉर्मेलिनमध्ये ठेवावे, खवले कागदाच्या पाकिटात तारीख आणि खोली लिहून सुकवावेत. शक्य झाल्यास त्याच जागेचा गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुऊन त्यात उरलेले जीव मोजावेत. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर पंधरवड्याला एवढे केले, तर पोटातील कृमी आणि गाळातील कृमी एकाच वेळी वाढतात का हे आपल्याला दिसेल, आणि आपल्या भागात ओढ मोठी की ढकल मोठी याचा निवाडा तिथेच होईल. गाळात अन्न परत येण्याच्या आधीच मासा उथळ पाण्यात आला आणि त्याचे पोट रिकामे असले, तर तो समुद्राच्या बाजूने ढकलला गेला असे समजायला हरकत नाही. गाळ भरल्यावरच आला तर अन्नाने ओढला.

लांबी घेताना आणखी एक गोष्ट नोंदवावी. केरळने या माशासाठी पकडीची किमान लांबी 9 सेंटिमीटर ठरवली आहे. ऑगस्टमधल्या पहिल्या टोपल्यांत त्याहून लहान लेप किती असतात, ते स्वतंत्र रकान्यात लिहा. ही कोवळी पिल्ले पुढच्या कोरड्या हंगामात अंडी घालणारी पिढी आहेत, आणि त्यांचा आकडा खोलीच्या नोंदीसह आपल्या हाती आला तर किनाऱ्यापासून किती अंतरावर जाळे ओढणे पुढे ढकलावे हे त्या बंदरातल्या मच्छीमारांना आपण पुराव्यानिशी सांगू शकाल.